आंग देवीचं, पाठ कौतिकची

आमच्या गावात बारागाड्या ओढणाऱ्या भगताला पाठ नसते. म्हणजे असते, चांगली रुंद, हाडामांसाची असते. पण ती दुखते असं म्हणायची त्याला सोय नसते. हा कायदा कुणी केला ते मला ठाऊक नाही. ज्याने केला त्याने स्वतः कधी जू उचललं नसणार, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी मरीमातेच्या नावाने आमच्याकडे बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल सोडून देतात. गाड्यांत माणसं कोंबून भरतात, कडेला लोंबकळतात ती वेगळीच. मग भगत पुढच्या गाडीचं जू जमिनीवरून उचलून खांद्यावर घेतो आणि ती सगळी रांग पारापासून देवळापर्यंत नेतो. एकदा चाकं फिरली की लोक मागून हात लावतात, पण पहिला उठाव भगताचा एकट्याचा. त्याच्या दोन्ही अंगांना दोन बगले असतात, तो धडपडला तर सावरायला. कौतिक भगत झाला तेव्हा डावीकडचा बगल्या मी होतो. मी पुना, त्याचा शेजारी. केळीचे आमचे मळेही बांधाला बांध लागून.

भगतपण कौतिकच्या घरातलं. आधी त्याचे थोरले चुलते जीवराम आबा भगत होते. तरुणपणी ते धुळ्याच्या एका तालमीत राहून आले होते आणि तिथून आणलेली एक गोष्ट त्यांनी गावाला जन्मभर ऐकवली: बैठक म्हणजे पुरी बैठक. टाचेला ढुंगण टेकलं पाहिजे, खांद्यावर दगड पाहिजे आणि तोंडातून हूं की चूं निघता कामा नये. त्यांच्यानंतर धाकटे भाऊ निंबानाना, म्हणजे कौतिकचे वडील, भगत झाले. स्वराज्य यायच्या आधीच्या आखाजीला निंबानानांनी जू उचललं, अर्धे उठले आणि तिथेच बसले. त्यानंतर ते धड उभे राहिलेच नाहीत. एक पाय गेला, आणि माणूस ओसरीतल्या बाजेवर आला तो कायमचा.

गावाने लगेच निकाल दिला. निंबाने उपास मोडला असणार. भगत महिनाभर एकवेळ जेवतो. त्याने चोरून भाकर खाल्ली असेल, म्हणून देवीने हात काढला. हे पहिल्यांदा बोललं कोण? जीवराम आबा, सख्खा भाऊ. तेव्हापासून दर आखाजीला गाड्या दारावरून जायला लागल्या की निंबानाना भिंतीकडे तोंड करून पडायचे. मधली काही वर्षं गावाने बाहेरचा भगत आणला. मग पंचांना वाटलं, मान आपल्याच गावात असावा, आणि तो कौतिककडे आला.

कौतिकला बापाच्या नावावरचा तो डाग धुवायचा होता. आणि बापाच्या बाजेशेजारी दुसरी बाज टाकायची नव्हती.

ज्या साली मान मिळाला त्याच थंडीत त्याची कंबर गेली. केळीला पाणी चाललं होतं. भरलेली मोट थारोळ्यात ओढायला तो वाकला, जरा वळला आणि उसण भरली. साधी उसण नव्हे. डाव्या पायातून टाचेपर्यंत कळ जायची, शिंकलं तरी जायची. मी त्याला माझ्या गाडीत घालून जळगावला डॉक्टरकडे नेलं. माणूस भला होता. त्याने पाय वर उचलून पाहिला, पाठ ठोकली आणि सांगितलं, मणक्याला इजा आहे, बैठका बंद, ओझं बंद. कौतिकने विचारलं, "कव्हालोंग बंद?" डॉक्टर म्हणाले, कायमच्याच म्हणा ना.

घरी आलो तर जीवराम आबा दगड घेऊन हजर. भगताने आखाजीआधी पुऱ्या बैठका मारायच्या, ही त्यांची शिस्त. आणि 'दुखतं' हा शब्द भगताने काढायचा नाही, ही गावाची. ओझं देवी ओढते, मग तुझं दुखेल कशाला? गाड्यांपुढे घरातला वडील माणूस सगळ्यांसमक्ष विचारतो, "भगत, आंग काय म्हनस?" भगताने म्हणायचं, "आंग देवीनं शे." याहून वेगळं काही म्हटलं तर मान गेला.

कौतिकने आबांसमोर खांद्यावर दगड घेतला आणि पुरी बैठक मारली. खाली जाईपर्यंत ठीक होतं. पण अगदी तळाशी गेल्यावर त्याची कंबर आत वळली, पाठीला पोक आलं आणि उठताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आबा खूश. म्हणाले, "हाई खरी बैठक!" आबा गेल्यावर कौतिक गोठ्यात आडवा झाला आणि दावणीची लाकडं मुठीत धरून पडून राहिला.

"एक म्हनस पुरा बठ, दुसरा म्हनस बठूच नको," तो दात खाऊन म्हणाला. "कितला बठू, हाई कोनीच सांगत नही!"

सांगणार कोण? म्हणून त्याने स्वतःच शोधायला घेतलं. चुलत्यापासून लपून, मळ्यातल्या झोपडीमागे. मी पहारेकरी. एवढा बाप्या माणूस, केळीच्या आडोशाला चोरासारखा बैठका मारतो, आणि मी बांधावर उभा राहून कुणी येतं का बघतो. लाज वाटायची आणि संतापही यायचा.

आधी त्याने कडुनिंबाच्या फांदीला नाडा बांधला आणि तो धरून बसायला-उठायला लागला. पाठीला बरं वाटलं. पण चार दिवसांनी त्यालाच कळलं की उठतात ते हात, पाय नुसते सोबत येतात. "गाड्यास्पुढे काय देवी नाडा सोडी माले?" म्हणाला आणि नाडा तोडून फेकला. मग झोपडीच्या कुडाला पाठ लावून घसरत खाली जायचं आणि तसंच थांबायचं, हे सुरू केलं. मांड्या लटलटायच्या, घाम निथळायचा, पाठ मात्र गप्प. पण कूड सुटला की पाठीला सरळ राहायची अक्कल नव्हती. एकदा त्याने पुन्हा दगड घेऊन पाहिला, थोडाच खाली जातो म्हणाला. दगड मानेवर आला की तो पुढे झुकायचा, आणि झुकला की कळ. त्या दिवशी दगड विहिरीत जाता जाता राहिला. आठ दिवस मग माझ्याशीसुद्धा धड बोलला नाही. जणू काही मीच त्याच्या कमरेत बसलो होतो.

वाट सापडली ती त्याच्या बायकोच्या चिडण्यातून. धुरपदाबाई विहिरीवर पाणी भरत होती. हा कमरेवर हात ठेवून उभा, तोंड वाकडं करून. तिचं डोकं फिरलं.

"उभाच शेतस ना? मंग धरा हाई कळशी!" म्हणून तिने भरलेली कळशी त्याच्या हातात कोंबली आणि दुसरी भरायला वळली.

त्याने कळशी छातीशी धरली. खाली ठेवायला म्हणून पाय फाकवून तो बसायला लागला आणि मधेच थांबला. मग उठला. परत बसला. परत उठला. मी म्हटलं, काय झालं याला? तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पुना, चमक नही उनी रे!" ओझं पुढे छातीशी होतं म्हणून धड मागे सरळ राहत होतं. आणि जरा झुकलं की कळशीतलं पाणी त्याच्या पोटावर सांडायचं. म्हणजे पाठ वाकली की पाणीच ओरडून सांगायचं. त्याने तिथेच एवढ्या बैठका मारल्या की कळशी अर्धी झाली.

"बठ्ठं पानी सांडी टाकं!" धुरपदाबाई कडाडली. "बैठका मारा, का मना कामना सत्यानाश करा!"

त्या दिवसापासून कळशी मळ्यात आली. किती खाली जायचं तेही त्याने ठरवलं. उलटं घमेलं ठेवायचा, त्यावर विटा रचायचा आणि ढुंगण विटेला नुसतं लागलं की उठायचा. वीट काढून पाहिली तर तळाशी कंबर आत वळायची, पाणी सांडायचं. तिथे त्याची हद्द. मग वीट परत. पावलं बाहेरच्या अंगाला वळवली तर आणखी सोपं जायचं. कळशीच्या जागी पुढे वाळूचं पोतं आलं. पाठ सरळ राहायला शिकली तेव्हा कुठे त्याने दगड खांद्यावर घेतला, तोही विटेपर्यंतच. ज्या दिवशी सकाळी वहाणा घालायला वाकतानाच कळ यायची त्या दिवशी दगड नाही, नुसता कूड. हे सगळं करताना तो एकदाही हसला नाही. चूक सापडली की चिडायचा, बरोबर जमलं तरी चिडायचा, की हे आधी कुणी का सांगितलं नाही.

पण अडचण संपली नव्हती. जू जमिनीवर असतं. ते उचलायला पुरं खालीच बसावं लागतं आणि कंबर वाकवावी लागते. त्याच जागी निंबानाना मोडले होते. गाडी सोडताना जुवाखाली लाकडी टेकू लावतात, तो तसाच राहू दिला तर जू कमरेएवढं उंच राहील. मग अर्ध्या बैठकीत खांदा खाली घालून उठता येईल. एवढंच हवं होतं. एक टेकू! फाल्गुन संपत आला तेव्हा कौतिक धीर करून आबांकडे गेला. मी बरोबर होतो.

आबा ओट्यावर बसले होते. ते नेहमी ओट्यावरच बसायचे, जमिनीवर कधी नाही. मोठेपणा म्हणून बसतात असं आम्हाला वाटायचं. कौतिकने टेकूचं सांगितलं आणि अर्धी बैठक करून दाखवली.

"हाई काय बैठक शे?" आबा थुंकले. "बाया चूल फुकतस तसं शे हाई! जू मातीवरथीन उचलतस. मन्ही उचलं, तुना बापनी उचलं."

"बाप उचलीसन कोठे शे, दखा ना आबा."

"तुना बापनी उपास मोडा!"

कौतिक उठला. रस्त्याने येताना त्याने पायातल्या धुळीला लाथा मारल्या. मीही मारल्या. दुसरं करण्यासारखं काय होतं?

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी पाराजवळ गर्दी लोटली. माहेरवाशिणी झोके सोडून आल्या होत्या, गाड्या माणसांनी गच्च भरल्या होत्या, डफ वाजत होते. कौतिकच्या अंगाला हळद फासली. तो उपाशी, अनवाणी, जुवापुढे उभा राहिला. मी डावीकडे. टेकू मी गाडीखाली आडवा टाकून ठेवला होता, कुणी विचारलं तर गाडीचाच टेकू, गाडीतच असणार.

जीवराम आबा पुढे आले. डफ थांबले.

"भगत, आंग काय म्हनस?"

"आंग देवीनं शे," कौतिक म्हणाला. लोक ओरडायला तोंड उघडणार तेवढ्यात तो पुढे बोलला, "पाठ मनी शे. आनि ती दुखस. जू टेकूवर ठेवा, मी गाड्या वढस."

मला वाटलं, गेला. मान गेला, बापाचा डागही राहिला. आबांचा चेहरा तांबडालाल झाला. "सरक!" त्यांनी कौतिकला ढकललं. "म्हातारा माणूस उचली दाखाडस तुले!" डोक्याचा रुमाल काढून त्यांनी फेकला, धोतराचा काचा मारला आणि जुवापुढे खाली बसले. पुरे. टाचेला ढुंगण टेकवून.

जुवाला हात घातला, जोर केला. जू हललं नाही. आबाही हलले नाहीत. त्यांचा डावा पाय थरथरायला लागला, मग सगळं अंग. डोळे मिटले, तोंड वासलं.

"देवी उनी! आबास्ना आंगमा देवी उनी!" कुणीतरी ओरडलं आणि डफ पुन्हा सुरू झाले. बाया कुंकवाच्या वाट्या घेऊन पुढे आल्या. लोकांनी हात जोडले. अंगात आलेल्या माणसाला शिवायचं नसतं, म्हणून सगळे दोन हात लांब गोल करून उभे. आणि मध्ये म्हातारा कापतोय.

कौतिक त्या पायाकडे बघत होता. डावा पाय, मांडीपासून टाचेपर्यंत. तो थरकाप गावात त्याच्याइतका ओळखीचा कुणाला नव्हता. "देवी नही रे भडवास्हो, कंबर शे ती!" म्हणून त्याने गोल फोडला. आबांच्या समोर पाय फाकवून अर्धा बसला, दोन्ही काखांत हात घालून त्यांना छातीशी घट्ट धरलं, जशी कळशी धरायचा तसंच, आणि सरळ पाठीने उठला. आबा त्याच्याबरोबर वर आले. मी बाजूलाच होतो. आबा त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून काय म्हणाले ते मी या कानांनी ऐकलं.

"हळू रे... मनी पाठ."

कौतिक तसाच उभा राहिला, म्हाताऱ्याला धरून.

"कव्हापाईन दुखस?"

"तुना बापना पह्यलेपाईन."

त्याने आबांना पाराच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. मी टेकू जुवाखाली लावला. कुणी अडवलं नाही; अडवणारा कट्ट्यावर कंबर धरून बसला होता आणि बायांनी त्याचं कपाळ कुंकवाने भरून टाकलं होतं. कौतिक आला, अर्धा बसला, जुवाखाली खांदा दिला आणि उठला. चाकं करकरली. पहिली गाडी हलली, मग दुसरी, मग सगळी रांग. त्याच्या दारावरून गेलो तेव्हा मी ओसरीत पाहिलं. निंबानाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

देवळापाशी लोकांनी त्याला हार घातले. आबांच्या अंगात देवी आली आणि तिने कौतिकला बळ दिलं, असं एव्हाना गाड्यांच्या शेवटापर्यंत पोचलंही होतं. कौतिकने ते ऐकलं आणि तो वळला. पाराशी जाऊन त्याने आबांचा हात धरला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना त्याच्या घरी आणलं. बाजेपुढे उभं केलं.

"सांगा आते," कौतिक म्हणाला. "तुम्हनी पाठ त तव्हापाईनच दुखस. मंग मना बापना उपास कोनी मोडा व्हता?"

आबांनी दाराच्या चौकटीला धरलं. कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर आलं होतं. "कोनीच नही," ते म्हणाले. "निंबा, तू उपास मोडेल नव्हता."

निंबानानांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "माले म्हाईत शे, भाऊ. मी जेवेल नव्हतू. आनि तुनी पाठ बी माले म्हाईत व्हती. पहाटे तू भिंतले पाठ लाईसन उभा राहे, ते मी दखे."

"तुम्हले म्हाईत व्हतं?" कौतिकचा आवाज फुटला. "दोन्हीस्ले म्हाईत व्हतं? मी केळमा चोरना मायक बैठका शोधू, अन् तुम्ही दोन्ही..." गळ्यातला हार त्याने तोडला, फुलं ओसरीभर झाली. "बोलनात काबरं नही?"

"बोलानं नसतं ना," निंबानाना म्हणाले.

माझ्याही मनात आलं, दोघांना गदागदा हलवावं. पण त्यांच्या पाठी.

मग निंबानाना हळूहळू वळले. हातांनी पाय उचलून, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. गाड्या गेल्यानंतर ते त्या दिवशी पहिल्यांदा दाराकडे बघत होते. त्यांनी कौतिकला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं, तो उभा आहे ना ते.

"तुनी पाठ कशी शे रे?" त्यांनी विचारलं.

त्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. बाहेर रस्त्यावर देवळाकडून परतणारी माणसं चालली होती. कौतिकने त्यांच्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"दुखस," तो म्हणाला. आणि रस्त्यावरच्यांना ऐकू जावं म्हणून परत मोठ्याने म्हणाला, "दुखस!"